स्लॅबवरची पावलं

मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपाचा स्लॅब टाकला त्या दिवशी मी गावात नव्हतो. धुडकू महाराजांना आमंत्रण द्यायला धानोऱ्याला गेलो होतो. रामनवमीचं कीर्तन त्यांचंच हवं, हा माझा हट्ट. महाराजांनी चाल उचलली की भर उन्हात अंगावरून तापीचा वारा गेल्यासारखं होतं. त्यांच्या मागे टाळ धरून उभं राहायला मिळावं, तेही नव्या मंडपात, सावलीत, याहून मोठं मागणं माझ्यापाशी नव्हतं. आजवर आमचं कीर्तन ताडपत्रीखाली व्हायचं. वावटळ आली की अर्धे श्रोते दोऱ्या धरून बसायचे आणि मृदंगात धूळ जायची.

तर मी नव्हतो. म्हणून यातलं काही ऐकलेलं आहे, बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं.

तो स्लॅब साधा नव्हता. माझा चुलतभाऊ हेमराज देवळाच्या ट्रस्टचा अध्यक्ष. त्याची मुलगी हेमांगी लोणखेड्याला कॉलेजात सिमेंटवर संशोधन करते. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं आणि त्याची राख ढिगाने बाहेर पडते. रस्त्याने जाताना ती डोळ्यांत जाते, केळीच्या पानांवर बसते. हेमांगी ती राख आणायची, चाळायची, भट्टीत पुन्हा भाजायची, मैद्यासारखी दळायची आणि सिमेंटमध्ये मिसळायची. तेवढं सिमेंट कमी लागतं.

"आप्पा, सिमेंटसाठी चुनखडीचे डोंगर फोडतात, वर कोळसा जाळतात," ती मला सांगायची. "एका पोत्यामागे जवळजवळ पोतंभर वायू आभाळात जातो. आपल्या उसाची राख आपल्याच गावात कामाला आली तर काय वाईट?"

गावाने थट्टा केलीच. "हेमराजनी पोर राखना लाडू बनाडस," असं पारावर चालायचं. कॉलेजातल्या चाचण्यांत तिचं मिश्रण उत्तम ठरलं होतं, पण माणसं खाली बसतील असा खराखुरा स्लॅब हा पहिलाच. "या मंडपाखाली एक कीर्तन झालं ना आप्पा, की राखेला कोणी हसणार नाही," असं ती म्हणाली होती. तिचा सगळा जीव त्या छतात होता.

स्लॅबच्या दिवशी सकाळी मिक्सर सुरू झाला तेव्हा ती स्वतः उभी होती. लोखंडी साच्यांत तिने तपासणीचे ठोकळे भरून घेतले. दुपारी जेवणासाठी मिक्सर थांबला तेव्हा बाहेरचा अर्धा मंडप झाला होता, देवळाकडचा अर्धा राहिला होता. तिला नंदुरबारहून सुरतेची गाडी धरायची होती. तिथल्या प्रयोगशाळेत महिनाभराचं काम होतं. सेंट्रिंगवाला सुकराम मिस्त्री तळोद्याकडचा, भरवशाचा माणूस. त्याला सगळं पुन्हा समजावून ती निघाली.

मी संध्याकाळी परतलो तर काम पूर्ण झालेलं. माणसं दमून पारावर आडवी पडलेली, पत्रावळींचा ढीग, आणि वर हत्तीच्या पाठीसारखा काळसर स्लॅब.

"काया काबर शे रे इतला?" मी विचारलं.

"राख शे ना आप्पा त्यामा," कोणीतरी म्हणालं. देवळाकडची बाजू जरा जास्तच काळी वाटत होती. नंतर टाकली, अजून ओली असेल, असं आम्ही धरून चाललो.

स्लॅबवर पाणी मारायचं काम मी मागून घेतलं. सकाळी नामस्मरण करत वर जायचं, गोणपाटं भिजवायची, तेवढीच सेवा. असे पाच-सहा दिवस गेले असतील. एके दिवशी वर गेलो तर देवळाकडच्या बाजूचं एक गोणपाट सरकलं होतं आणि त्याच्या जागी पावलं उमटली होती. दोनच. लांब बोटांची, टाचेला निमुळती, चांगली खोल.

वानरं आम्हाला नवी नाहीत, केळीच्या बागांत टोळ्याच असतात. पण त्या वेळी वानर हा शब्द मनात आलाच नाही. खाली गाभाऱ्यात शेंदराचा मारुती, वर त्याच्या दाराच्या बरोबर माथ्यावर ही पावलं. मी तिथेच बसलो. गुडघा टेकला तिथे खालचं दबल्यासारखं झालं. देवाच्या पावलाने दगड मेण होतो, हे कीर्तनात शेकडो वेळा ऐकलेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी वरूनच हाका मारल्या.

दुपारपर्यंत सगळं गाव वर चढून आलं. पावलांना शेंदूर लागला, रुईच्या पानांची माळ पडली. चार दिवसांनी शेजारच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं यायला लागली. हेमराजने एका बाजूला लोखंडी जिना लावून घेतला, चढायला एक रांग, उतरायला एक. पावलांवर पाणी नको म्हणून तेवढ्या भागाला पाणी मारणं बंद झालं. कोणाच्या तरी फोनवरून फोटो निघाला तो कुठे कुठे पोचला देव जाणे.

मुंग्या मी त्यानंतर पाहिल्या.

मंडपाखाली टेकूंचं जंगल होतं. लोखंडी पत्रे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या बल्ल्या. देवळाकडच्या बल्ल्यांवरून तांबड्या मुंग्यांच्या रांगा वर चालल्या होत्या. जाड रांगा, सुतळीसारख्या. वर जाऊन पत्र्यांच्या फटींत शिरत होत्या. बाहेरच्या अर्ध्या भागात एकही मुंगी नव्हती.

माझी वहिनी दगूबाई बायकांच्या भजनी मंडळाची मोठी. थोरला भाऊ गेल्यापासून ती आमच्याकडेच असते, आणि रोज सकाळी मुंग्यांना चिमूटभर साखर घातल्याशिवाय चहा घेत नाही. तिला मी त्या रांगा दाखवल्या तर तिने हात जोडले.

"बिचारा जीव शेतस. त्या बी देवदर्शनले येतस," ती म्हणाली, आणि बल्लीच्या बुडाशी साखर सोडली.

मुंग्यांनी तिच्या साखरेकडे वळूनही पाहिलं नाही. वर जात राहिल्या.

ऊन वाढलं तसा तिथे एक वासही यायला लागला. कारखान्याच्या मळीच्या टाकीजवळून जाताना येतो तसा, आंबूस-गोड. वारा पडला की जास्त. मंडपाचं काम बघायला गेलेला माणूस बोलता बोलता नाकाला उपरणं लावायचा आणि दुसऱ्या बाजूला सरकायचा. पण कोणी काही म्हणत नव्हतं. पावलं उमटलेल्या जागेत वास येतो म्हणायचं तरी कसं?

रामनवमी दोन दिवसांवर आली. सुकरामला त्याचे पत्रे आणि बल्ल्या हव्या होत्या. "शेठ, आते काढी लेऊत. महिना व्हई गया," तो हेमराजला म्हणाला. हेमराजलाही मंडप मोकळा हवा होता. सकाळी काम सुरू झालं. बाहेरच्या बाजूचे पत्रे सुटले तसा खालून गुळगुळीत, घट्ट, निळसर काळा स्लॅब दिसायला लागला. हातोडीची ठोकर लागली की ठण्ण आवाज यायचा. मंदिरातल्या घंटेला उत्तर दिल्यासारखा.

"देख आप्पा," हेमराज मला म्हणाला. छाती फुगली होती त्याची. "मन्ही पोर."

मग सुकरामची माणसं देवळाकडे सरकली. मधल्या बल्ल्यांची एक ओळ काढली. पहिला पत्रा ओढला तो सुटेना. दोघांनी मिळून हिसका दिला तेव्हा पत्र्याबरोबर वरचा थरच खाली आला. ढेकळं पडली, त्यांच्या मागोमाग बारीक वाळू झरत राहिली, आणि त्या वाळूतून मुंग्या. माणसांच्या डोक्यावर, खांद्यांवर. वर जिथून थर निघाला तिथे सळया उघड्या पडल्या होत्या. सुकराम मागे सरला तो सरळ उन्हात जाऊन उभा राहिला.

त्याच वेळी रिक्षातून हेमांगी उतरली.

तिच्या हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात फोन. सुरतेला कोणीतरी तिला तो फोटो पाठवला होता, तशीच ती गाडीत बसली होती. बापाकडे न बघता ती माझ्याकडे आली.

"आप्पा, या पाय कव्हय उमटनात?"

"स्लॅब टाकीसन पाच-सव दिन व्हयेल व्हतात."

तिने डोळे मिटून घेतले. "पाचव्या दिवशी स्लॅबवर खिळा ठोकला तर खिळा वाकतो, आप्पा."

मला पहिल्यांदा त्या पावलांची भीती वाटली.

तिने सुकरामची हातोडी घेतली आणि जिन्यावरून वर गेली, मी मागोमाग. बाहेरच्या अर्ध्यावर ठोकलं की ठण्ण. पुढे पुढे येत गेली. मध्यावर आवाज बदलला. मृदंगाला लावलेली कणीक ओली राहिली की थाप जशी आतल्या आत मरते, तसा. भद. भद. पावलांपाशी तर आवाजच नाही, हातोडी रुतली. रांगेतल्या बायका ओरडल्या. हेमराज जिना चढून आला होता, तो गरजला, "देवना पाय उमटनात, नि तू हातोडा लिसन फिरी ऱ्हायनी?"

ती खाली उतरली, पडलेलं ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं. माझ्याकडे बघत म्हणाली, "ठोकळे पास झाले होते, आप्पा. सगळे. माझी राख... मग माझं काय चुकलं?" तेवढ्यात तिच्या मनगटावर मुंगी चढली. ती मुंगीकडे बघत राहिली. आणि मग त्या पोरीने ते ढेकूळ जिभेला लावलं.

"गोड आहे," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही.

"पाण्यात साखर कोणी टाकली?" तिने मोठ्याने विचारलं. "जेवणानंतर. मिक्सरच्या ड्रममध्ये. कोणी टाकली?"

"साखर नही माय," दगू वहिनी बायकांतून पुढे आली. "गूय टाका. घरोघरथून एकेक ढेप आनी, ड्रममा भिजाडी. तू जेवाले बठेल व्हती. तुले सांगणार व्हतूत, पन तुन्ही गाडीनी घाई व्हती."

आणि ती हसली. अभिमानाने. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मळ्यात विहीर बांधली तेव्हा चुना दळायच्या घाणीत गूळ घातला होता. "इतला वरीस व्हयनात, एक दगड हालेल नही. मंग देवना मांडवले गूय नको?"

हेमांगीने तिचे दोन्ही हात धरले. समजावून सांगितलं, हळू आवाजात, पण आम्ही सगळे ऐकत होतो. चुन्याला गूळ चालतो, गुळाने चुना चिवट होतो. सिमेंटचं तसं नाही. पाण्यात साखर असली की सिमेंट घट्ट व्हायचं विसरतं. मूठभर गुळाने पोतं बिघडतं, आणि इथे तर गावभराच्या ढेपा होत्या. वरून ओलं असताना मुंग्यांनी आतून वाटा केल्या, वर शेकडो माणसं चढली उतरली, आणि आता मधल्या बल्ल्याही निघाल्या आहेत.

"काढलेल्या बल्ल्या परत लावा, पण आत कोणी जाऊ नका. बाहेरून जमेल तेवढंच. आणि जिना आजच्या आज काढा," ती बापाला म्हणाली. "खाली कोणी बसायचं नाही, बाबा."

हेमराजने विचारलं ते शब्द माझ्या कानांत अजून आहेत.

"राख तुन्ही. नि दोष म्हातारीना गूयले? सोतानी चूक झाकाले देवना पाय बी खोटा करशी?"

उभ्या उभ्या हेमांगीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. वहिनी एकदा तिच्याकडे, एकदा वरच्या सळयांकडे बघत होती. तिचं हसू कधीच मावळलं होतं.

जिना निघाला नाही. सुकरामच्या माणसांनी काठावरून हात लांब करून दोन-चार बल्ल्या तिरप्या टेकवल्या आणि मजुरी न मागता ते निघून गेले. हेमराजने उघड्या सळयांखाली भगवं कापड ताणून बांधलं. रामनवमीचं कीर्तन मंडपातच होईल, असं त्याने भोंग्यावरून सांगायला लावलं.

धुडकू महाराज आदल्या दिवशी दुपारी माझ्या घरी उतरले. हेमांगी त्यांच्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं, राखेपासून. महाराज सुपारी कातरत ऐकत होते.

"पोरी, खात्री किती?" त्यांनी विचारलं.

"पडेलच असं मी सांगू शकत नाही, महाराज. पडणार नाही, असं मात्र कोणीच सांगू शकत नाही."

अडकित्ता थांबला. वहिनी दारात उभी होती. महाराजांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुपडू, पटांगणात ऊन कितपत असतं?"

"भाजून निघतो माणूस, महाराज."

"हं," म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

रामनवमीला सकाळपासून माणसं मंडपात येऊन बसली. सावली होती ना. बायका तर अगदी देवळाच्या बाजूला, भगव्या कापडाखाली. लेकरं मांडीवर. कापडाला मधे झोळ आला होता, आदल्या दिवशी तो नव्हता. त्या झोळात वाळू साठत होती. मी टाळ गळ्यात अडकवून उभा होतो आणि माझं सगळं लक्ष त्या झोळाकडे होतं.

महाराज आले. मंडपाच्या पायरीपाशी थांबले, आत पाऊल न घालता तिथूनच मारुतीला दंडवत घातला, आणि वळून पटांगणात गेले. उसाच्या ट्रॉल्या उभ्या राहतात त्या उघड्या मैदानात, चप्पल काढून, तापलेल्या मातीवर उभे राहिले. विणेकरी गोंधळून त्यांच्यामागे गेला. आम्ही टाळकरीही गेलो.

"मायबाप हो," महाराज भोंग्याशिवाय बोलले, तरी शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. "मारुतीरायाची पावलं उमटली असं मी ऐकलं. खरंच आहे ते. पण एक सांगा, मालकाच्या दारात राखण करणारा सेवक, त्याच्याच माणसांच्या डोक्यावर पाय देईल का? का आला असेल तो वर?"

मंडपात चुळबुळ झाली.

"सांगायला आला होता! बाबांनो, इथे घट्ट नाही, इथे माझा पाय रुततो, इथे लेकरं बसवू नका! तुम्ही त्याला शेंदूर लावलात, माळ घातलीत, आणि जे सांगत होता तेवढं ऐकलं नाहीत. चला, या उन्हात. रामाचा जन्म काय सावलीतच होतो?"

आणि त्यांनी पहिला सूर लावला. तसा सूर मी पुन्हा ऐकेन असं वाटत नाही. आधी एक म्हातारा उठला. मग बायका पदर डोक्यावर घेत, लेकरं उचलत निघाल्या. थोड्या वेळात मंडप रिकामा झाला.

रिकामा नाही. हेमराज बसून होता. मधोमध, झोळाखाली, मांडी घालून. त्याने देवळाच्या भिंतीकडे तोंड केलं होतं. "कोनी यावो नही यावो," तो म्हणाला, "मी आठेच बठीसन आयकसू."

कीर्तन सुरू झालं. माझे हात टाळ वाजवत होते, पण ठेका सारखा सुटत होता. सगळ्या मैदानाची मान महाराजांकडे आणि डोळे मंडपाकडे. हेमांगी दोनदा आत शिरली. बापाने तिला हाताने ढकलून बाहेर घातलं. तिसऱ्यांदा ती निघाली तेव्हा मी टाळ काढून तिचा दंड धरला. भगव्या कापडाची एक दोरी तटकन तुटली. हेमराजच्या खांद्यावर वाळूची धार लागली. तो हलला नाही.

दुपार डोक्यावर आली. पाळणा सजला होता. महाराज जन्माच्या प्रसंगाशी आले आणि माझ्या शेजारून कोणीतरी पुढे गेलं. दगू वहिनी होती. गुडघे दुखतात म्हणून ती हळू चालते. तशीच हळू चालत ती मंडपात गेली आणि हेमराजच्या शेजारी बसली. पदरातून तिने टाळ काढले, तिचे स्वतःचे, छोटे, आणि महाराजांच्या चालीवर वाजवायला लागली.

"वहिनी, ऊठ," हेमराज तिच्याकडे वळून म्हणाल्याचं आम्हाला दिसलं. ऐकू येत नव्हतं, पण पुढचं तिने मोठ्याने म्हटलं.

"काबर उठू? तूच सांगस ना, गूयना दोष नही. दोष नही ते पडी कसा? मी तुन्हाजोडेच बठस."

"वहिनी, लोक देखी ऱ्हायनात." आता त्याचाही आवाज चढला.

"देखू दे. गूय मन्हा शे. मीच भिजाडा, मन्हा हातखाले. पडना ते मन्हावर पडू दे. तू बठेल शे ते तुन्हावर बी पडी. मंग पोरले कोन सांगी, तिन्ही राख चांगली व्हती म्हनीसन?"

ती टाळ वाजवत राहिली. वर एक आवाज झाला. मोठा नाही. ओल्या लाकडाची फांदी आतून मोडावी तसा. वहिनीचे टाळ थांबले नाहीत. हेमराजने वर पाहिलं, मग तिच्याकडे. मग तो उठला, तिला दोन्ही हातांनी उचललं, लहान पोरीला उचलावं तसं, आणि बाहेर आला. इतका मोठा माणूस, पण उन्हात आल्यावर तो तिला घेऊनच मातीत बसला. हेमांगी त्यांच्यापाशी धावली. बापाने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या केसांतली वाळू झटकत राहिला. वाळू त्याच्याच हातांवरची होती.

महाराजांनी तेवढ्यात जन्म लावला. गुलाल उधळला, पाळण्याची दोरी हलली, बायका रडत गात होत्या. मीही.

स्लॅब महाप्रसादाच्या वेळी कोसळला. पंगती मैदानात, मंडपाकडे पाठ करून बसल्या होत्या. आधी बल्ल्या मोडल्याचा कडकडाट, मग एकच दणका, ताटांतल्या वरणाच्या वाट्या हलल्या. धूळ खाली बसली तेव्हा देवळाकडचा अर्धा भाग जमिनीवर होता, गाभाऱ्याच्या दारापर्यंत. मारुती तसाच, शेंदराचा, धुळीने माखलेला. बाहेरचा अर्धा जागच्या जागी उभा होता, तुटलेल्या सळया हवेत सोडून. सकाळचा अर्धा. राखेचा आणि साध्या पाण्याचा.

मलब्यात पावलांचा तुकडा सापडला, अख्खा. कोणीतरी तो उचलून पारावर ठेवला आणि शेंदूर लावला. हेमांगीने त्याला नमस्कार केला. मी पाहत होतो. मग ती वहिनीजवळ बसली आणि तिचा हात हातात घेऊन तिने विचारलं, "मोठी माय, याआधी कुठे कुठे गूळ घातला होता?"

वहिनी आठवत राहिली. गावात कोणाचाही स्लॅब असला की लोटाभर गूळपाणी तीच घेऊन जायची. कुठे लोटा, कुठे ढेप. एकेक घर तिने सांगितलं. अंगणवाडी तिने सगळ्यात शेवटी सांगितली.

दुसऱ्या दिवसापासून हेमांगी हातोडी घेऊन फिरते आहे आणि मी तिच्यासोबत. ती ठोकते, मी ऐकतो, मग ती कॉलेजातून आणलेल्या यंत्राने पुन्हा बघते. अंगणवाडी ठण्ण वाजली तेव्हा आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसलो. हेमराजचं घरही ठण्ण वाजलं. शेजारच्या शांतीबाईच्या ओसरीत एका कोपऱ्यात आवाज मेला. तिथलं बिऱ्हाड त्याच दुपारी हलवलं.

वहिनी आता मुंग्यांना साखर घालण्याआधी त्या कुठून येतात आणि कुठे जातात, ते बघते. बघता बघता तिची नजर वर जाते आणि तिथेच राहते.

आमचं घर मागच्याच वर्षी बांधलं. त्यात तिने ढेप घातली होती, घरची, सगळ्यात चांगली. ते शेवटी बघू, असं मीच हेमांगीला म्हणत आलो. उद्यासाठी दुसरं घर उरलेलं नाही.

हे लिहितो आहे ते बाहेर, अंगणात बसून.